भास्कराचार्य आणि एक अब्जाची संख्या



दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की काही पालक भेटतात. मुलगा बाकीच्या विषयांत पास, गणितात मात्र नापास. मुलीचे तर गणित आठवीतच सुटलेले असते. मग एक वाक्य ठरलेले असते : गणित आपल्या मुलांच्या नशिबात नाही, ते दुसऱ्यांचे काम. दुकानात बसेल, हिशेबापुरते येते, तेवढे पुरे. हे ऐकले की मनाला वाईट वाटते. कारण जगातल्या मोठ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एकाची आठवण दगडावर कोरलेली आहे ती आपल्याच जळगाव जिल्ह्यात. आणि त्याचे गणित पुढल्या पिढ्यांपर्यंत पोचविण्याच्या कामात मुसलमान विद्वानांचाही मोठा हात आहे. त्या थोर पुरुषाचे नाव भास्कराचार्य. त्यांचे चरित्र आणि त्यांनी शोधलेल्या एका मोठ्या संख्येची हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

जन्म आणि घराणे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. त्यांचे वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व विद्वान होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. शिक्षण घरातच सुरू झाले, घरातच पुरे झाले. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड असल्याचे ते सांगतात. हे गाव आजचे कोणते, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते पाटणच्या परिसरात मानतात, कोणी विजापूरकडे, तर कोणी बीडकडे बोट दाखवितात.

पण घराण्याचा भरभक्कम पुरावा मिळतो तो चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे. चाळीसगावपासून सुमारे अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत हे ठिकाण आहे. पाटणादेवी म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. शाळांच्या सहली तेथे जातात. तेथील देवीच्या मंदिरातील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्यातील नऊ पिढ्यांची नावे आहेत. त्रिविक्रम हा मूळ पुरुष. पुढे सातव्या पिढीत भास्कराचार्य, त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. पिढ्यान् पिढ्या विद्या हीच या घराची इस्टेट होती. शिलालेखात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

ग्रंथरचना

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मोठा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणिताचा व भूमितीचा भाग, बीजगणित हा दुसरा, आणि ग्रहगणित व गोलाध्याय हे खगोलाचे भाग. पुढे ११८३ मध्ये, म्हणजे जवळ जवळ सत्तरीला आल्यावर, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांगाचे गणित सोपे व्हावे, हा त्याचा हेतू. इतक्या वयातही विद्यार्थ्याची सोय पाहणारा हा शिक्षक होता.

लीलावती या नावाविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाची घटिका पाण्याच्या घटिकायंत्रात मोती पडल्याने चुकली, आणि तिच्या समाधानासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला, अशी ती कथा आहे. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती आली आहे फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र ग्रंथातच दिसते : त्यातील कित्येक उदाहरणे एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ज्या गणितज्ञाच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी म्हणून मुलगी उभी राहिली, त्याच्या भूमीत आपण मुलीचे गणित आठवीत सोडवितो, याचा विचार माता-पित्यांनी अवश्य करावा.

याच ग्रंथात संख्यांच्या स्थानांची नावे क्रमाने दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज अशी ती चढत जातात आणि अठराव्या स्थानी परार्धाशी थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. एवढ्या मोठ्या संख्यांचे काम काय, असे कोणी विचारील. ग्रहांच्या गतीचा हिशेब करताना मोठ्या संख्या लागतातच. पण कधी कधी अगदी साधा दिसणारा प्रश्नही माणसाला अब्जाच्या घरात नेऊन सोडतो. त्याचेच हे उदाहरण.

एकसष्टचे कोडे

बीजगणितात भास्कराचार्यांनी एक प्रश्न घातला आहे. अशी एक पूर्ण संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी बेरीज पुन्हा कोणत्या तरी पूर्ण संख्येचा वर्ग असावी. अशा प्रश्नांना आपल्या गणितात वर्गप्रकृती म्हणतात.

६१ च्या अलीकडली संख्या ६० घेऊन पाहा. ४ चा वर्ग १६, त्याची ६० पट ९६०, त्यात १ मिळविला की ९६१. आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. उत्तर ४, मामला संपला. आता पलीकडली ६२ घ्या. ८ चा वर्ग ६४, त्याची ६२ पट ३९६८, त्यात १ मिळविला की ३९६९. हा ६३ चा वर्ग. उत्तर ८. शेजारच्या दोन्ही घरांत एका अंकाचे उत्तर, मग मधल्या ६१ चे उत्तर असे कितीसे मोठे असणार? एक, दोन, तीन असे करीत विद्यार्थी हजारापर्यंत गेला, लाखापर्यंत गेला, तरी उत्तर मिळत नाही. शून्य सोडले तर या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. आणि जी संख्या वर्गमूळ म्हणून येते ती १,७६,६३,१९,०४९. म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

ना यंत्र, ना संगणक. मग हे उत्तर सापडले कसे? चाचपडत नव्हे, रीतीने. या रीतीला चक्रवाल म्हणतात. चाकाप्रमाणे तीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची, म्हणून हे नाव. तिचा पाया इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने घातला होता. दोन उत्तरे एकत्र करून तिसरे उत्तर काढण्याची भावना नावाची युक्ती त्याचीच. जयदेव नावाच्या गणितज्ञाने चक्रवालाची रीत भास्कराचार्यांच्या आधीच मांडली होती. भास्कराचार्यांनी ती सुटसुटीत केली आणि ६१ सारख्या अवघड संख्येवर चालवून दाखविली.

पायऱ्या वहीत करून पाहण्यासारख्या आहेत. ८ चा वर्ग ६४. तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. आपल्याला हवा १, पण आहे ३. येथून चाक एकदा फिरविले की ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. आता ४ कमी पडतात. येथे ब्रह्मगुप्ताची युक्ती उपयोगी पडते आणि २९७१८ व ३८०५ ही जोडी हाती येते. पहिलीचा वर्ग ८८,३१,५९,५२४, आणि दुसरीच्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. फरक नेमका १ चा, पण उलट बाजूने! जास्त हवा तेथे कमी आला. निराश न होता हीच जोडी स्वतःशी एकदा जोडावयाची. २९७१८ ला ३८०५ ने गुणून दुप्पट करा, २२,६१,५३,९८० मिळतील. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा, ती अब्जाची संख्या उभी राहील. लाखो वेळा चाचपडण्याचे काम असे मोजक्या पायऱ्यांत आटोपले.

संख्येची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, माणसाची ओळख जशी त्याच्या गुणांवरून होते तशी संख्येचीही होते. या दोन संख्यांचे गुण आपल्याला शाळेतल्या नियमांनीच तपासता येतात.

मोठी संख्या १७६६३१९०४९ विषम आहे. तिच्या अंकांची बेरीज ४६, म्हणून तिला ३ ने भाग जात नाही. शेवटी ९ आहे, म्हणून ५ ने जात नाही. मग ती मूळ संख्या आहे काय? घाई करू नका. एक सोडून एक अंक घ्या : १, ६, ३, ९, ४, बेरीज २३. उरलेले अंक ७, ६, १, ०, ९. त्यांचीही बेरीज २३. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणून ११ ने नि:शेष भाग जातो आणि भागाकार १६,०५,७४,४५९ येतो. म्हणजे ती मूळ नव्हे, संयुक्त संख्या आहे.

लहान संख्या २२६१५३९८० सम आहे. तिचे मूळ अवयव पाडले तर २ दोनदा, ३ दोनदा, आणि ५, १३, १२७ व ७६१ एकेकदा येतात. तिच्या अंकांची बेरीज ३६, आणि गंमत अशी की तिला ३६ नेही नि:शेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो अशा संख्येला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव दिले शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेला आणि १९८६ साली निवर्तलेला हा साधा मास्तर संख्यांचे असे गुण शोधीत राहिला आणि त्याचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत गेले. त्यासाठी मोठ्या पदवीची वा प्रयोगशाळेची गरज पडली नाही. वही आणि पेन्सिल पुरली.

आता उत्तराची तपासणी. लहान संख्येला ९ ने नि:शेष भाग जातो. म्हणून तिच्या वर्गाच्या ६१ पटीत १ मिळविल्यावर ९ ने भागले असता बाकी १ उरलीच पाहिजे. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, ४ आणि ६ मिळून १०, आणि १ व ० मिळून १. तिच्या वर्गाची बाकीही १. तराजूची दोन्ही पारडी सारखी. अरबी गणितात या तपासणीला मीझान, म्हणजे तराजू, असेच नाव आहे. पारडी सारखी नसती तर उत्तर नक्की चुकले असते. सारखी आली म्हणून ते बरोबरच असे मात्र नाही, त्यासाठी पुरा गुणाकार करावा लागतो. सुटीच्या दिवशी तो करून पाहावा.

पाच शतकांनंतरचा प्रश्न

इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील थोर गणितज्ञ फर्मा याने युरोपातील गणितज्ञांना एक आव्हान दिले. आव्हान याच जातीच्या प्रश्नांचे, आणि त्याने निवडलेल्या संख्यांत ६१ ही होतीच! तिकडे इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी खटपट करून रीत शोधली. पुढे १८ व्या शतकात ऑयलरने चुकून पेल या गृहस्थाचे नाव या समीकरणाला दिले आणि लाग्रांजने त्याची पूर्ण सिद्धता दिली. आज जग या समीकरणाला पेलचे समीकरण म्हणते. पेलचा हात त्यात जवळ जवळ नाही, आणि भास्कराचार्यांचे उत्तर तर फर्माच्या आधी पाचशे वर्षांचे. युरोपला ते ठाऊक नव्हते, कारण तो ग्रंथ त्यांच्या भाषेत गेलाच नव्हता.

आपल्या देशात मात्र हे काम झाले होते. सम्राट अकबराच्या इच्छेवरून फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. फैजी म्हणजे अबुल फजलचा वडील बंधू आणि दरबारचा श्रेष्ठ कवी. आपल्या दृष्टीने विशेष असे की १५९१ मध्ये अकबराने याच फैजीला वकील म्हणून दख्खनेत पाठविले, तेव्हा तो खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर येथे राजा अली खान फारुकी याच्या दरबारी आला होता. पुढे १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी याने बीजगणिताचे फारसी भाषांतर करून ते बादशहा शाहजहानला अर्पण केले. हा अताउल्लाह ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा पुत्र. फर्माने आव्हान दिले त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीच ज्या ग्रंथात ६१ चे कोडे आहे तो ग्रंथ फारसीत वाचावयास मिळत होता. या फारसी प्रतीवरूनच १८१३ मध्ये स्ट्रॅची या इंग्रज अधिकाऱ्याने बीजगणित इंग्रजीत नेले. १८१७ मध्ये कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून भाषांतर प्रसिद्ध केले.

याच्याही आधी, नवव्या शतकात, अल ख्वारिज्मी याने बगदादमध्ये भारतीय अंकांची रीत अरबीत समजावून दिली होती आणि तेथून ती युरोपात गेली. विद्या अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. संस्कृतातून फारसीत आणि अरबीत ती नेणाऱ्यांनी ती कोणाच्या घरची आहे हे विचारले नाही. ती खरी आहे एवढेच पाहिले. म्हणून गणित दुसऱ्यांचे काम, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

पाटणच्या बाजाराचा हिस्सा

आता त्या शिलालेखाकडे परत जाऊ. इ. स. १२०७ मधील हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून पाटण येथे एक मठ काढला. मठ म्हणजे त्या काळची निवासी पाठशाळाच. तिला यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि त्यांचे बंधू हेमाडिदेव यांनी दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण दानाच्या तपशिलाचा भाग जुन्या मराठीत आहे. कारण तो बाजारातल्या माणसांना कळणे जरूर होते. गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालाच्या उत्पन्नातून पाठशाळेला हिस्सा लावून दिला होता.

हे वाचून मन भरून येते. भास्कराचार्यांची बुद्धी ही देणगी होती. ती सर्वांना मिळत नाही. पण नातवाने शाळा काढली, राजाने दान दिले आणि बाजाराने आपला वाटा दिला, हे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे. आज जळगावच्या सराफ्यात, रावेर-यावलच्या केळीच्या व्यापारात, दोंडाईच्याच्या मिरचीच्या बाजारात, धुळ्याच्या दुकानांत आपली माणसे रोज हिशेब करतात. त्या हिशेबात मुलाच्या आणि मुलीच्या शिक्षणाचा हिस्सा आधी बाजूला काढला, तर पाटणच्या बाजाराने जे केले तेच आपण केले असे होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढल्या सहलीला पाटणादेवीला जाल तेव्हा देवळाबाहेरच्या गर्दीतून थोडा वेळ काढून त्या शिलालेखाचे दर्शन अवश्य घ्या. परत आल्यावर वहीच्या कोऱ्या पानावर ६१ लिहा आणि चाक फिरवावयास सुरुवात करा. ६० चे उत्तर ४ आणि ६२ चे ८, म्हणून ६१ चेही सोपे असेल असे समजून जो बसला तो फसला. आणि हजारापर्यंत जाऊन उत्तर नाही म्हणून ज्याने वही मिटली त्याच्या हातूनही ते गेले. उत्तर होते, फक्त ते बावीस कोटींवर होते. तेथपर्यंत पोचण्यास रीत लागते, आणि रीत शिकण्यास शाळेत टिकावे लागते. आपल्या मुला-मुलींना ते टिकण्याचे बळ मिळो, हीच सदिच्छा.